निबंधाची रचना शिकवणारा दृश्य संच : पट्ट्या उत्तम, तक्ते बेताचे

निबंधात मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याची वही तपासायला घेतली, की आधी नजरेत भरतात त्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, आणि तपासणाऱ्याचे लाल पेन तिकडेच धावते. त्या वहीतली मोठी अडचण मात्र बहुधा निराळी असते. वाक्ये सुटी सुटी वाचली तर बरी असतात. पण पहिले वाक्य तिसऱ्याच्या जागी आणि शेवटचे पहिल्याच्या जागी नेले, तरी निबंधाला काही होत नाही, कारण त्याला क्रमच नसतो. ही अडचण चित्रे, रंग आणि हाताने हलवता येणारे साहित्य यांच्या आधारे दूर करण्यासाठी तयार केलेला एक शैक्षणिक संच उपचारात्मक तासांना वापरून पाहिला, त्याचे हे परीक्षण आहे. अशा संचांची घडण बहुतांशी सारखीच असते. म्हणून निर्मात्याच्या नावापेक्षा पेटीत कोणत्या वस्तू आहेत आणि त्या कितपत काम करतात, याकडे येथे लक्ष दिले आहे.

पेटीत भिंतीवर लावायचे मोठे तक्ते, वेगवेगळ्या आराखड्यांचे कोरे कागद, जाड कागदाच्या वाक्यपट्ट्या, जोडशब्दांची कार्डे, वहीच्या पानावर ठेवायचे पारदर्शक पत्रे आणि शिक्षकांसाठी एक पुस्तिका असते. निष्कर्ष आधीच सांगतो. पट्ट्या, कार्डे आणि पारदर्शक पत्रे या तीन गोष्टींसाठी हा संच जरूर घ्यावा. तक्ते भिंतीला शोभतात, त्यापलीकडे त्यांचा उपयोग थोडा. आणि पुस्तिका सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नावर, म्हणजे हे साहित्य विद्यार्थ्यापुढून काढून कधी आणि कसे घ्यायचे यावर, गप्प आहे.

पेटीच्या झाकणावर ‘दृश्य पद्धतीने शिकणाऱ्या मुलांसाठी’ असे ठळक छापलेले आहे. हा दावा मनावर घेऊ नये. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून शिकतो आणि ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवले तरच त्याची प्रगती होते, ही समजूत शिक्षकवर्गात चांगलीच रुजली असली, तरी हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा तिला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. चित्राचा उपयोग आहे, आणि तो सर्वांनाच आहे. शब्द आणि प्रतिमा या दोन्ही वाटांनी आलेली माहिती स्मरणात अधिक पक्की बसते, हे ॲलन पेव्हिओ यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभीच मांडले होते. तेव्हा वर्गातील काही मुलांना ‘दृश्य’ ठरवून त्यांच्याच हाती हा संच द्यायचा आणि बाकीच्यांना फळ्यावरच्या मुद्द्यांवर सोडायचे, असे करण्याचे काही कारण नाही.

मागे पडलेल्या विद्यार्थ्याला चित्र नेमके कुठे हात देते, हे समजले की संचातील कोणती वस्तू कामाची आणि कोणती नाही, हेही आपोआप कळते. कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया या संशोधकांनी १९८७ मध्ये नवशिक्या लेखकाची जी रीत वर्णन केली आहे, ती कोणत्याही निबंधवहीत पाहायला मिळते. विषय वाचला, की त्याबद्दल जे आठवेल ते पहिले वाक्य होते, त्या वाक्याने जे सुचेल ते दुसरे होते, आणि आठवणे थांबले की निबंध संपतो. अशा विद्यार्थ्याला आपण ‘आधी आराखडा कर’ असे सांगतो, तेव्हा त्याच्याकडून एकाच वेळी बरेच काही मागत असतो. मुद्दा आठवायचा, त्याची जागा ठरवायची, तो वाक्यात बसवायचा, अक्षर वळणदार काढायचे आणि वेलांटी पहिली की दुसरी हेही पाहायचे. हे सारे एकदम डोक्यात मावत नाही. आराखडा कागदावर, डोळ्यांसमोर असला, की निदान क्रमाचे ओझे स्मरणावरून उतरते. चित्राचे काम एवढेच, पण ते फार मोलाचे आहे. जी वस्तू हे ओझे उतरवत नाही, उलट आणखी एक चित्र लक्षात ठेवायला लावते, ती कितीही सुबक असली तरी उपयोगाची नाही.

या कसोटीवर मुख्य तक्ता उतरत नाही. त्यावर एक इमारत आहे : छप्पर म्हणजे प्रस्तावना, तीन खांब म्हणजे तीन मुद्दे, आणि पाया म्हणजे समारोप. छपाई सुरेख आहे आणि वर्गात शिरणाऱ्या कोणाचीही नजर आधी तिकडेच जाते. पण इमारत छपरापासून बांधायला घेत नाहीत आणि पाया शेवटी घालत नाहीत, ही गोष्ट मुलांच्या लगेच लक्षात येते, आणि मग तासाचा बराच भाग चित्राचा बचाव करण्यातच जातो. त्याहून गंभीर दोष खांबांचा आहे. तिन्ही खांब एकाच उंचीचे, एकाच जाडीचे आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर असल्यामुळे पाहणाऱ्याची समजूत अशी होते, की मुद्दे नेहमी तीनच असतात, त्यांचे वजन सारखे असते आणि कोणता कुठे ठेवला याने काही बिघडत नाही. मुळात ज्याला क्रमाचे भान नाही, त्याच्यापुढे क्रम नसलेले चित्र ठेवण्यासारखेच हे झाले. शिवाय वैचारिक निबंधात विरुद्ध बाजूचे म्हणणे मांडून त्याला उत्तर द्यायचे असेल, तर या इमारतीत त्याला जागाच नाही; ते कोणत्याच खांबात बसत नाही.

कथेसारखे चालणारे निबंध, म्हणजे आत्मकथन किंवा एखाद्या प्रसंगाचे वर्णन, यांसाठी दुसरा तक्ता आहे. त्यावर चढत जाऊन उतरणारी रेघ काढली आहे. गुस्टाव्ह फ्रायटाग यांनी १८६३ मध्ये नाटकाच्या रचनेसाठी मांडलेल्या त्रिकोणाचेच हे सोपे रूप होय. हा तक्ता पहिल्यापेक्षा बरा आहे, कारण रेघेला दिशा आहे : एका टोकाला सुरुवात होते आणि दुसऱ्या टोकाला शेवट होतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पण ‘मी फळा बोलतोय’ अशा आत्मकथनात मोठा कळसबिंदू असतोच असे नाही, आणि तो असलाच पाहिजे म्हणून मुले शेवटून दुसऱ्या परिच्छेदात फळ्याला हटकून अपघात घडवून आणतात. तिसऱ्या तक्त्यावरच्या जिन्याबद्दल पुढे लिहिले आहे.

कोऱ्या आराखड्यांच्या कागदांत अधिक विविधता आहे, आणि येथे शिक्षकाने निवड करायला हवी. संचाने चार प्रकार दिले आहेत आणि चारही ‘निबंधाचे आराखडे’ या एकाच नावाखाली घातले आहेत. प्रत्यक्षात ते निरनिराळ्या टप्प्यांवर उपयोगी पडणारे आहेत. मधोमध विषय आणि त्याच्याभोवती फुटणाऱ्या फांद्या असलेला मनोनकाशा, जो टोनी बुझान यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केला, तो मुद्दे गोळा करण्यासाठी उत्तम आहे. मात्र वर्तुळाभोवती पसरलेल्या फांद्यांत पहिली कोणती आणि शेवटची कोणती, हे तो सांगत नाही. मनोनकाशा काढून झाल्यावर ‘आता लिही’ असे म्हटले, तर मागे पडलेले मूल पुन्हा पहिल्या जागी येते. फरक एवढाच, की आता त्याच्यापुढे न जुळवलेले मुद्दे अधिक असतात. जॉन व्हेन यांनी १८८० मध्ये तर्कशास्त्रासाठी मांडलेल्या, एकमेकांना छेदणाऱ्या वर्तुळांच्या आकृतीचेही तसेच आहे. दोन गोष्टींतील साम्य आणि भेद वेगळे काढायला तिच्यासारखी सोय नाही, पण आधी साम्य लिहावे की भेद, हा प्रश्न ती आपल्यावर सोडते.

माशाच्या काट्यासारखी दिसणारी आकृती मुळात कारखान्यांतील गुणवत्तेच्या दोषांची कारणे शोधण्यासाठी जपानचे काओरू इशिकावा यांनी प्रचारात आणली. एखाद्या समस्येची कारणे विचारणाऱ्या निबंधाला ती अपेक्षेपेक्षा चांगली लागू पडते. प्रत्येक काटा एका कारणाचा, त्यावरचे बारीक काटे त्या कारणाच्या तपशिलांचे, आणि सगळे काटे ज्या डोक्याकडे जातात ती समस्या : या मांडणीत एक मोठा काटा म्हणजे एक परिच्छेद, हे मुलांना चटकन उमगते.

पण या चारांतला सर्वांत मौल्यवान कागद संचाने सर्वांत खाली, जवळजवळ लपवून ठेवावा तसा ठेवला आहे. तो म्हणजे संकल्पना-नकाशा. जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात ही पद्धत विकसित केली. मनोनकाशात आणि यात वरवर पाहता फार अंतर दिसत नाही, पण येथे दोन चौकटींना जोडणाऱ्या रेघेवरही शब्द लिहावा लागतो. ‘जंगलतोड’ आणि ‘जमिनीची धूप’ या दोन चौकटी नुसत्या जोडून चालत नाहीत. रेघेवर ‘त्यामुळे’ लिहायचे की ‘तरीही’, हे ठरवावे लागते. जो शब्द रेघेवर लिहिला, तोच पुढे निबंधात दोन वाक्यांमध्ये येऊन बसतो. निबंधाची रचना म्हणतात ती चौकटींपेक्षा या रेघांत जास्त असते, आणि ही गोष्ट पुस्तिकेने एका ओळीतही सांगू नये, याचे आश्चर्य वाटते.

आता वाक्यपट्ट्यांकडे वळतो. प्रत्येक पट्टीवर एक वाक्य छापलेले आहे. काही पट्ट्या कोऱ्या आहेत आणि त्यांवर पेन्सिलीने लिहून खोडता येते. एका विषयाची पट्ट्यांची जुडी घ्यायची, ती विस्कटायची आणि विद्यार्थ्याने ती टेबलावर क्रमाने लावायची, एवढाच खेळ आहे. तो कसा काम करतो, हे एका उदाहरणावरून दिसेल. ‘वर्गात मोबाइल असावा का?’ या विषयाच्या जुडीतील चार पट्ट्या अशा आहेत : ‘वर्गात मोबाइल असावा का, हा प्रश्न आता टाळता येत नाही.’ ‘मोबाइलवर शब्दाचा अर्थ चटकन पाहता येतो.’ ‘परंतु त्याच मोबाइलवर येणारे निरोप धड्यातून लक्ष काढून घेतात.’ ‘म्हणून वर्गात मोबाइल केवळ शिक्षकांच्या परवानगीने वापरावा.’ एका विद्यार्थ्याने यांतील ‘परंतु’ची पट्टी सर्वांत शेवटी लावली. त्याला चूक दाखवली नाही. चारही वाक्ये त्याच क्रमाने मोठ्याने वाचायला सांगितली. वाचून झाल्यावर तो थांबला, आणि ‘मग मी हो म्हणतोय की नाही म्हणतोय?’ असे त्यानेच विचारले. पट्टी वर सरकली, आणि तीच चार वाक्ये एका मतापाशी येऊन पोहोचली. मत मांडताना वाक्याची जागा बदलली की अर्थाचा कल बदलतो, ही गोष्ट फळ्यावर कितीही वेळा लिहून दिली तरी जी पोहोचत नाही, ती येथे बोटाच्या एका हालचालीत पोहोचली.

पट्ट्यांचा मोठा गुण हा, की चूक दुरुस्त करायला काही खोडावे लागत नाही. मागे पडलेल्या विद्यार्थ्याला खाडाखोडीची धास्ती असते. एकदा वहीत लिहिलेला परिच्छेद खाली हलवायचा म्हणजे सगळे पुन्हा लिहून काढायचे, आणि ज्याला एक पान लिहायलाच निम्मा तास लागतो, तो हे कधीही करणार नाही. जसे उतरले तसेच राहू देईल. पट्टी सरकवण्यात कष्ट नसल्यामुळे तो क्रम चाचपून पाहतो, दोन-तीन मांडण्या लावून बघतो, आणि अनुभवी लेखक जे मनात करतो ते टेबलावर उघड करतो. जॉन हेज आणि लिंडा फ्लॉवर यांनी १९८० च्या सुमारास लेखनप्रक्रियेचा जो उलगडा केला, त्यात योजना करणे, लिहिणे आणि पुन्हा पाहणे या क्रिया एकामागून एक न येता सतत एकमेकींत मिसळतात, असे त्यांनी दाखवले होते. तिसऱ्या तक्त्यावरील जिना याच्या नेमका विरुद्ध आहे. त्यावर पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवरचा मुलगा फक्त वरच पाहतो आहे. पट्ट्या मागे फिरायला मुभा देतात. जिना देत नाही. एकाच पेटीत या दोन वस्तू एकमेकींना खोडून काढतात, हे संच तयार करणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेले दिसते.

पट्ट्यांची एक उणीव मात्र आहे. छापील जुड्यांतील सगळी वाक्ये निर्दोष आणि जागेवर बसणारी आहेत. निबंधात न बसणारे, विषयाशी जवळचे वाटणारे पण टाकून द्यावे असे एकही वाक्य त्यांत नाही. त्यामुळे विद्यार्थी लावायला शिकतो, गाळायला शिकत नाही. आणि मागे पडलेल्या मुलांच्या निबंधात क्रमाइतकीच अडचण फाफटपसाऱ्याची असते. यावर उपाय सोपा आहे. कोऱ्या पट्टीवर एखादे भरकटलेले वाक्य, उदाहरणार्थ ‘मोबाइलचे अनेक रंग मिळतात’, लिहून जुडीत मिसळावे आणि एक पट्टी टेबलाबाहेर ठेवायची आहे, एवढेच सांगावे. कोणती, हे सांगू नये.

जोडशब्दांच्या कार्डांची छपाई साधी आहे, पण त्यांची वर्गवारी विचारपूर्वक केलेली आहे. ‘आणि, तसेच, शिवाय’ हे भर घालणारे शब्द एका गटात. ‘परंतु, तरीही, याउलट’ हे वळण देणारे दुसऱ्यात. ‘कारण, म्हणून, त्यामुळे’ हे कार्यकारण सांगणारे तिसऱ्यात. आणि ‘उदाहरणार्थ, जसे की’ हे दाखला देणारे चौथ्यात. दोन वाक्यपट्ट्यांच्या मध्ये एक कार्ड ठेवायचे, असा नियम आहे. थोड्याच वेळात टेबलाकडे पाहून कळते, की कमकुवत निबंधात पहिल्याच गटाची कार्डे संपतात आणि बाकीचे गट तसेच पडून राहतात. ‘तसेच’ची माळ ओवलेला निबंध म्हणजे नुसती यादी, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही, कार्डांच्या रंगावरून ते दिसते. पहिल्या गटातील कार्डे मोजकीच वापरायची, अशी अट घातली की खरी डोकेफोड सुरू होते, कारण ‘म्हणून’ ठेवायचे तर आधीच्या वाक्यात खरोखर कारण असावे लागते, आणि ते नसेल तर ते वाक्यच बदलावे लागते.

पारदर्शक पत्रे प्रथमदर्शनी फारशी नजरेत भरत नाहीत, आणि पुष्कळ शिक्षक ती पेटीतच ठेवत असतील. पत्र्याच्या उजव्या बाजूला एक अरुंद स्तंभ आखलेला आहे. विद्यार्थ्याने स्वतःचा पूर्ण झालेला निबंध पत्र्याखाली ठेवायचा आणि प्रत्येक परिच्छेदासमोर, तो परिच्छेद काय करतो, हे दोन-तीन शब्दांत पत्र्यावर लिहायचे. हा आराखडा निबंधाच्या आधीचा नसतो. लिहून झालेल्या निबंधातून उलटा काढलेला असतो. ‘वाचनाचे महत्त्व’ या विषयावरच्या एका निबंधासमोर वरून खाली असे शब्द आले : ‘विषय सांगितला’, ‘फायदे’, ‘आजीची आठवण’, ‘फायदे’, ‘समारोप’. दुसरा आणि चौथा परिच्छेद एकच काम करत आहेत आणि मधली आठवण दोघांच्या मध्ये अडकली आहे, हे मुलीनेच बोट ठेवून दाखवले. आजीची आठवण तिने सुरुवातीला नेली आणि दोन्ही ‘फायदे’ एकत्र केले. ‘पुनरुक्ती टाळा’ हा शेरा तिच्या वहीत याआधीही आलेला असणार, पण दोन वेळा लिहिलेला एकच शब्द एकाखाली एक पाहिल्यावर शेऱ्याची गरजच उरली नाही. माझ्या मते संपूर्ण पेटीत ही वस्तू सर्वांत हुशारीची आहे, कारण ती रिकाम्या आराखड्यात काहीतरी भरायला लावत नाही; लिहिलेल्याकडे बघायला लावते.

रंगांच्या बाबतीत संचाने निष्काळजीपणा केला आहे. मुख्य मुद्द्याला लाल आणि आधाराला हिरवा असा भेद सर्वत्र ठेवला आहे, आणि लाल-हिरव्यातच गल्लत होणारी रंगांधता सर्वांत जास्त आढळते. ती पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक असते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तिचे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ०.५ टक्के आहे, आणि इतर समाजांत ते कमी असले तरी मोठ्या वर्गात असा एखादा मुलगा असण्याची शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही. आपल्याला रंग वेगळे दिसतात, हे त्या मुलाला स्वतःलाही बहुधा ठाऊक नसते. ‘मुद्दा आणि उदाहरण यांतील फरक याला कळत नाही’ असा शेरा मात्र त्याच्या माथी बसतो. रंगासोबत आकार बदलला असता, म्हणजे मुद्द्याला चौकोन आणि आधाराला गोल दिला असता, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. कोऱ्या आराखड्यांच्या प्रती काळ्या-पांढऱ्या निघतात, तेव्हाही हीच अडचण सर्वांनाच येते, कारण प्रतीत दोन्ही रंगांची राखाडी छटा जवळजवळ एकच उतरते.

शिक्षकांच्या पुस्तिकेबद्दल समाधान वाटत नाही. तिच्यातील नमुना निबंध घोटून गुळगुळीत केलेले आहेत. मागे पडलेल्या विद्यार्थ्याला तयार निबंध वाचून धडकी भरते. त्याला पाहायला हवा तो कच्चा खर्डा आणि तो सुधारत जाण्याची प्रक्रिया. कॅरेन हॅरिस आणि स्टीव्ह ग्रॅहम यांनी १९८० च्या दशकापासून लेखनात अडखळणाऱ्या मुलांसाठी जी पद्धत विकसित केली, तिच्यात शिक्षकाने मुलांसमोर मोठ्याने विचार करत लिहून दाखवणे हा महत्त्वाचा भाग आहे : ‘हे उदाहरण येथे बसते का? नाही, आधी मुद्दा सांगायला हवा’ असे स्वतःशी पुटपुटत, अडखळत, मागे येत. पट्ट्या आणि कार्डे यासाठी सोयीची आहेत, पण पुस्तिकेत याचा उल्लेख नाही. तिच्या मते साहित्य मुलांच्या हाती दिले, की काम झाले. तसे होत नाही. शिक्षकाने निदान पहिल्या काही तासांना स्वतः पट्ट्या लावून दाखवायला हव्यात, आणि मुद्दाम एखादी चुकीच्या जागी लावून ती का हलवली, हे बोलूनही दाखवायला हवे.

त्याहून मोठी उणीव आधार काढून घेण्याबद्दलची आहे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये शिकणाऱ्याला दिलेल्या तात्पुरत्या मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली, आणि परांचीचा अर्थच असा, की ती उतरवायची असते. पुस्तिकेत पहिल्या धड्यात जे कागद वापरायला सांगितले आहेत, तेच शेवटच्या धड्यातही आहेत. अशाने विद्यार्थी रकाने भरण्यात तरबेज होतो आणि रकाने नसलेल्या कागदापुढे पुन्हा अडतो. परीक्षेत पट्ट्या नसतात. कोरे पान आणि घड्याळ असते. म्हणून उतरण माझी मीच ठरवली. आधी छापील वाक्यांच्या पट्ट्या, मग केवळ ‘मुद्दा’, ‘कारण’, ‘दाखला’ एवढेच शब्द असलेल्या, मग पूर्ण कोऱ्या, आणि शेवटी पट्ट्याच नाहीत : विद्यार्थ्याने कच्च्या पानाच्या कोपऱ्यात चार-पाच चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा स्वतः काढायच्या आणि रेघांवर जोडशब्द लिहायचे. ही ओबडधोबड आकृती ज्याला विनासायास काढता येऊ लागली, त्याच्यापुढे पुन्हा छापील आराखडा ठेवू नये. स्लाव्हा कल्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडल्याप्रमाणे, नवख्याला जी मदत उपयोगी पडते तीच जाणकाराला अडथळा ठरू शकते, आणि वर्गातील बऱ्यापैकी लिहिणारी मुले हे रकाने पाहून कंटाळतात, त्याचे कारणही बहुधा हेच आहे.

हा संच कोणासाठी नाही, हेही सांगायला हवे. ज्या विद्यार्थ्याची अडचण क्रमाची नसून मजकुराची आहे, म्हणजे ज्याच्याकडे विषयाबद्दल सांगण्यासारखेच काही नाही, त्याला आराखडा देऊन उपयोग होत नाही. त्याला आधी वाचायला, ऐकायला आणि बोलायला द्यावे लागते. तसेच ज्याला अक्षरे काढण्यातच दमछाक होते, त्याच्याकडून वाक्ये तोंडी सांगून घेऊन ती दुसऱ्याने पट्ट्यांवर लिहावीत आणि त्याने फक्त क्रम लावावा. तेवढ्यापुरता संच त्याच्याही कामी येतो. बोलताना मुद्देसूद असणारे पण वहीत भरकटणारे मूल, हा या साहित्याचा खरा लाभार्थी आहे, आणि अशी मुले आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच असतात.

संचासोबत पडद्यावर पट्ट्या सरकवण्याची सोयही दिली आहे. मोठ्या पडद्यावर, सगळ्या वर्गाने मिळून एक निबंध लावायचा असेल, तर ती चालते. हातातल्या लहान पडद्यावर मात्र एका वेळी तीन-चार पट्ट्याच दिसतात, आणि संपूर्ण निबंध एका नजरेत दिसणे हाच ज्या साहित्याचा उद्देश, त्याचा तेथे काही अर्थ राहत नाही. कागदी पट्ट्या वापरून कडेला मऊ पडतात आणि सारख्या खोडण्याने कोऱ्या पट्ट्यांचा पृष्ठभाग खडबडीत होतो. पुस्तिकेच्या मागच्या पानावर पट्टीच्या मापाचा कोरा नमुना दिलेला आहे; त्यावरून जाड कागदाच्या नव्या पट्ट्या सहज कापता येतात, आणि मुलांनी स्वतःच्या निबंधातील वाक्ये लिहून तयार केलेली जुडी छापील जुडीपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे आढळले.